तळघरातल्या नऊ बाटल्या

जर्मनीहून परतले त्या संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या. मला वाटलं, विमानाचं विचारतील, थंडीचं विचारतील. पण पहिला प्रश्न आला तो भलताच. "आक्का, तिकडं सोळा वर्सांच्या पोरीला दारू मिळती म्हणं, खरं हाय का?" खरं आहे. आणि पाच आठवडे त्याच एका गोष्टीनं माझा जीव टांगणीला लागला होता. काय पाहिलं, काय खाल्लं एवढंच लिहिलं तर प्रवासवर्णन होईल, पण ते खोटं होईल. मी तिथं मुख्य काम केलं ते घाबरायचं.

मी कोण ते आधी सांगते. वडगाव रासाईच्या शेजारी, भीमेच्या काठाला आमची वस्ती. तीस वर्षं अंगणवाडीत काढली. पोरं मला बाई म्हणतात, बायका आक्का म्हणतात, आणि चार-दोन पुरुष पाठीमागं 'आडवी बाटली' म्हणतात. आमच्याकडं देशी दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. त्या मतदानासाठी मी दारोदार हिंडले, शिव्या खाल्ल्या, आणि बाटली आडवी करूनच घरी आले. माझा नवरा दारूनं गेला तेव्हा माझा नितीन दहावीला होता. त्यामुळं या बाबतीत मला कुणी समजुतीचं बोलायला आलं की माझं डोकं फिरतं.

नितीन शिकला, रांजणगावच्या एका कारखान्यात लागला आणि कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवलं. तिकडचाच झाला. सून मेघा शिरूरची. नात सई तिथं जन्मली आणि यंदा मे महिन्यात सोळा वर्षांची होणार होती. नितीन फोनवर म्हणाला, "आई, या वाढदिवसाला तू येच. इथं सोळाव्याला लई मान हाय. सोळा झाले की बिअर मिळती." हसत म्हणाला तो. मी फोन ठेवला आणि हातातला भाकरीचा उंडा तसाच परातीत वाळत पडला.

आपल्या राज्यात बिअरला एकवीस वर्षं लागतात, कडक दारूला पंचवीस, आणि वर सरकारी परवाना. परवाना खिशात ठेवून पिणारा माणूस मी काही अजून पाहिलेला नाही. तरी कायदा आहे, एवढा तरी धीर असतो. तिकडं कायदाच पोरीच्या हातात ग्लास देत होता. मी जायचं ठरवलं ते नातीचं कौतुक करायला नाही, तिला अडवायला.

खुटबाव

जाताना न्यायला काय, तर काकवी. सई चार वर्षांपूर्वी गावी आली होती तेव्हा तिनं आठवडाभर काकवीशिवाय पोळी खाल्ली नव्हती. माझी धाकटी बहीण विमल खुटबावला दिली आहे. आमच्याकडून नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी गुऱ्हाळांचा धूर दिसायला लागतो. विमलच्या दिरांचं, आप्पांचं, स्वतःचं गुऱ्हाळ आहे. मार्चमध्ये मी तिथं गेले आणि कढईपाशी बसून हुकूम सोडला की काकवी जरा लवकर उतरवा, पोरीला पातळ आवडते, पोळीवर धार धरून घ्यायची असते तिला.

आप्पा झाऱ्यानं फेस काढत म्हणाले, "आक्का, पातळ टिकत न्हाई. आंबल. तुमाला न्यायची मे महिन्यात."

मी म्हटलं, तुम्ही उतरवा हो, मी बघते. तीस वर्षं गावाच्या पोरांचा खाऊ सांभाळलेली बाई मी, मला काकवी सांभाळता येत नाही का? कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत ती भरून घेतली आणि घरी पत्र्याखालच्या फळीवर ठेवली. मग एप्रिल गेला, मे उजाडला. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको.

विमान

विमानात शेजारी अहमदाबादचे एक काका बसले होते. मुलाकडं अमेरिकेला चालले होते. जेवणाच्या आधी गाडा आला तशी त्यांनी व्हिस्की मागितली. बाईनं हसून दिली. मी अंग चोरून खिडकीला चिकटले. काकांना माझं तोंड दिसलं असावं. ते हिंदीत सांगायला लागले की त्यांच्या राज्यात सगळी बंदीच आहे, म्हणून विमानातच काय ते सुख. आणि मुलगा राहतो त्या अमेरिकेत एकवीसच्या आत पोरांना थेंब मिळत नाही. त्यांचा नातू अठराव्या वर्षी मत देतो, सोळाव्या वर्षापासून मोटार हाकतो, पण बिअर मागितली तर दुकानदार हाकलून देतो. मी विचारलं, मग आत्ता आपण आकाशात आहोत, इथं कुठल्या तालुक्याचा कायदा? काका लई हसले. मला हसू येत नव्हतं. कुठं सोळा, कुठं एकवीस, कुठं पंचवीस, कुठं कधीच नाही. यकृत तर सगळ्यांचं सारखंच असतं ना? ते मी एकाचं फार जवळून पाहिलं होतं.

पहिला दिवस

नितीन राहतो ते गाव श्टुटगार्टच्या जवळ आहे, नाव मला अजूनही धड उच्चारता येत नाही. डोंगरउतारावर खालपासून वरपर्यंत द्राक्षाच्या बागा, मधून दगडी पायऱ्या, खाली नदी. आपल्या भीमेपेक्षा अरुंद, पण काठोकाठ. पाहिल्या पाहिल्या मी नितीनला विचारलं, एवढी द्राक्षं खातं कोण? तो म्हणाला, "खात न्हाईत आई. वाइन करत्यात." म्हणजे आमच्याकडं उसाचं रान तसं इकडं दारूचं रान. मी पदर नीट केला.

सई माझ्यापेक्षा हातभर उंच झालेली. येऊन गळ्यात पडली आणि पहिलं वाक्य काय, तर "आजी, काकवी?"

बॅग उघडली. बाटली टरारून फुगली होती. झाकणाच्या कडेनं फेस येऊन माझ्या दोन लुगड्यांना चिकटला होता. आणि वास! तो वास मला ओळखू येणार नाही तर कुणाला? नवऱ्याच्या शर्टाला यायचा तोच. गावात दुकान आडवं करणारी बाई सातासमुद्रापार दोन लिटर आंबलेला माल घेऊन आली होती. विमानतळावर निळ्या गणवेशातला एक पोलीस कुत्रा घेऊन माझ्या बॅगेशेजारी उभा होता, तेही आता आठवलं.

मी सईला सांगितलं, काकवी सांडली बाळा, वाया गेली. मेघाला म्हटलं, कपडे धुवायचे कुठं? ती म्हणाली, खाली तळघरात मशीन आहे. त्या इमारतीत प्रत्येक घराला तळघरात लाकडी पट्ट्यांची एकेक खोली असते, अडगळ ठेवायला. लुगड्यात बाटली गुंडाळली आणि खाली गेले. झाकण हळूहळू सैल केलं, तर सुस्स करून नुसता फेसच वर आला. मग बाटली लपवायला म्हणून कोपऱ्यातली जुनी चादर उचलली.

चादरीखाली प्लॅस्टिकचं खोकं होतं. बिअरच्या बाटल्यांचे वीस खण. नऊ बाटल्या भरलेल्या, बाकीच्या रिकाम्या. शेजारी कागदात गुंडाळलेले चार उंच ग्लास. म्हणजे वर स्वयंपाकघरातल्या कपाटात आल्या आल्या मला जो एक खण रिकामा दिसला होता, धुळीत चार गोल ठसे असलेला, तो या ग्लासांचा.

मी तिथंच खाली बसले. तळघरातला दिवा तिकडं आपोआप विझतो, थोड्या वेळानं. तो विझला तरी मी बसलेलीच. बाटल्या लपवलेल्या आहेत, एवढंच डोक्यात घुमत होतं. माझ्या अनुभवात लपवलेल्या बाटलीचा शेवट एकच असतो.

उजेड

त्या देशाचं मला सगळ्यात काय खुपलं असेल तर संध्याकाळ होत नाही. मेअखेरीला साडेनऊ वाजले तरी उजेड. घरी असताना माझ्या भीतीला वेळ ठरलेली असायची. दिवेलागण झाली, जनावरं बांधली की पोटात गोळा यायचा, कारण तो यायची ती वेळ. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली तरी गोळा वेळेवर येतो. तिकडं अंधारच पडेना. त्यामुळं घाबरायला कधी सुरुवात करायची तेच कळेना आणि मी दिवसभरच घाबरलेली असायचे.

खाण्याचं मात्र ठीक होतं. पाव शंभर तऱ्हांचे, बहुतेक असे कडक की कवळीची परीक्षाच. पांढऱ्या जाडजूड काड्या उकडून लोण्यात घालून देतात, शेवग्याच्या शेंगेसारख्या दिसतात, पण चोथा न टाकता अख्ख्या गिळायच्या. नितीन म्हणाला, आपल्या शतावरीची बहीण आहे. रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या टपऱ्या. आणि पाणी मागितलं तर बुडबुड्याचं पाणी. पहिल्या घोटाला मी ते फुर्रकन टेबलावर थुंकले होते, कारण सोडा एकाच गोष्टीत घालतात असं माझं ज्ञान. मेघा बिचारी पुसत बसली आणि म्हणाली, "आई, साधं पाणीच आहे हो, नुसता गॅस भरलेला."

खालच्या मजल्यावर हेल्गाबाई राहायच्या, पंचाहत्तरीच्या, एकट्या. रोज पाचच्या ठोक्याला गॅलरीत बसून एक पेला वाइन घ्यायच्या. एकच. मी वरून पाहायचे, दुसरा भरतात का. एकदा त्यांनी मला हात करून बोलावलं. सई भाषांतराला बसली. हेल्गाबाई कौतुकानं सांगायला लागल्या की त्यांच्याकडं बिअर-वाइनला सोळा, कडक दारूला अठरा, आणि आईबाप बरोबर असतील तर चौदालासुद्धा बिअर चालते. घरच्यांसमोर शिकलेलं बरं, असा त्यामागचा विचार. मी सईला म्हटलं, विचार त्यांना, तुमचे मालक कशानं गेले? पोरगी आधी विचारेचना. मग विचारलं. हेल्गाबाई पेल्याकडं बघत राहिल्या आणि एक वाक्य बोलल्या.

सईनं हळूच सांगितलं, "दारूनं. टेबलावर बसूनच प्यायचे, सगळ्यांसमोर."

नात खाली मान घालून बसलेली. मला वाटलं होतं, एक तरी देश असा असेल की ज्याला हे कोडं सुटलंय. एकाही देशाला सुटलेलं नव्हतं. माझी भीती आणखी वाढली.

आणि रोज सकाळी मी तळघरात जायचे. कपड्यांचं निमित्त आयतंच होतं. चादर उचलायची, मोजायचं. नऊ. दुसऱ्या दिवशी नऊ. आठ दिवस झाले, नऊच. दारुड्याच्या बायकोला मोजायची सवय लागते ती मेल्याशिवाय सुटत नाही. पूर्वी मी बाटलीवर चुलीतल्या कोळशानं रेघ मारून ठेवायचे. इथं कोळसा नव्हता म्हणून, नाहीतर तेही केलं असतं. माझी काकवी मात्र शेजारी बसून रोज थोडी थोडी सुस्कारत होती.

रविवार, चेस्टनटच्या झाडांखाली

दुसऱ्या रविवारी नितीन आम्हाला नदीकाठच्या एका बागेत जेवायला घेऊन गेला. मोठमोठी झाडं, खाली लांबलचक बाकडी, खडी पसरलेली जमीन. बाया, बाप्ये, तान्ही पोरं, कुत्री, सगळे एकाच ठिकाणी, आणि टेबलाटेबलावर बिअरचे हे एवढाले पेले. देवाशपथ सांगते, असं दृश्य मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडं पिणारे पुरुष भिंतीकडं तोंड करून पितात. घाईत, उभ्यानं. बायकापोरांना घेऊन दारू प्यायला कोण बसतं? कुणी आरडाओरडा करत नव्हतं, कुणी पडत नव्हतं. तरी मी प्रत्येक टेबलावर नजर ठेवून होते, की आता कोण उठतंय, कोण झोकांडतंय.

सई काउंटरवर गेली आणि सगळ्यांचं प्यायला घेऊन आली. माझ्यासाठी साधं पाणी. स्वतःसाठी उंच ग्लास, आत पिवळसर तांबूस, वर बुडबुडे. वाढदिवसाला अजून दहा दिवस होते. तिनं ग्लास तोंडाला लावला.

मी उठले, तिच्या हातातनं ग्लास हिसकला आणि खडीवर ओतला.

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. नितीन उभा राहिला. मेघा माझ्याकडं पाहत नव्हती, ताटाकडं पाहत होती. सईच्या बोटांवरून ते पिवळं पाणी ओघळत होतं.

"सफरचंदाचा रस होता, आजी," ती म्हणाली. "सोडा घातलेला. तुला वाटलं, मी तुझ्यासमोर खोटं वागेन?"

माझ्या नातीला मी चोर ठरवलं होतं, परक्या माणसांच्या देखत. अंगणवाडीत एखाद्या पोराच्या हातातनं असा खाऊ कुणी हिसकला असता तर मी त्या बाईची गावभर अब्रू काढली असती. गाडीतनं घरी निघालो. द्राक्षांच्या बागा दोन्हीकडनं मागं जात होत्या. मी नुसती सईच्या चिकट बोटांकडं पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरात गेले. चादर उचलली. आठ.

पुन्हा मोजल्या. खोकं पुढं ओढून मोजल्या. आठच. मग कोण? सईनं रागानं नेली? मेघानं? त्यातलं कुणीही चाललं असतं, पण मला माहीत होतं कोण. मी वर येऊन पोह्यांत दोनदा मीठ घातलं.

तळघर

चार दिवसांनी, दुपारचे पाच वाजले असतील, मशीनमधले कपडे आणायला मी खाली गेले. दिवा आधीच लागलेला होता. आमच्या खोलीचं पट्ट्यांचं दार अर्धं उघडं. आत नितीन उभा होता, ऑफिसची बॅग खांद्यालाच, पाठ माझ्याकडं, मान मागं टाकलेली. गटागटा पीत होता. दारातल्या माझ्या चपलांचा आवाज झाला तशी बाटली त्यानं मांडीमागं घेतली आणि मनगटानं तोंड पुसलं.

थेट त्याचा बाप. तीच मान, तेच मनगट. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत मी असाच पकडायचे त्याला. मी मशीनला धरलं. मला वाटलं, संपलं. पोरगं शिकवलं, इतक्या लांब धाडलं, तरी ते मागून आलंच.

नितीन लाल झाला होता. चव्वेचाळीस वर्षांचा साहेब माणूस, शाळकरी पोरासारखा उभा. मग तो गावाकडच्या बोलीत बोलायला लागला. वर घरात हल्ली तो जरा शहरी बोलतो.

"आई, मी शनिवारी जेवताना एक बाटली घेतो. टेबलावर, ग्लासात, मेघा-सईसमोर. येक. कधी तीही घेत न्हाई. तू येणार म्हणून सगळं खाली आणलं. पंधरा दिस शिवलो न्हाई. पण त्या रविवारनंतर... मला काय झालं कळंना. उभ्यानं, चोरून, असं आजवर कधीच पिलो न्हवतो मी. तू आल्यावर प्यायला लागलो."

दिवा विझला. त्यानं चाचपडून पुन्हा लावला. तेवढ्या अंधारात माझ्या मनात जे आलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मतदानाच्या वेळी माईकवर सुद्धा नाही. अंधारानंच बळ दिलं असेल.

"तुझ्या बापाच्या बाटल्या मी फोडायची," मी म्हटलं. "दिसली की फोडायची. धान्याच्या कणगीतली, गवतातली, मोटारीच्या खोलीतली. पहिल्यांदा त्यो घरी आणून थोडी थोडी घ्यायचा. मी फोडायला लागले तवापासनं त्यो दुकानाच्या दारातच सगळी एका दमात संपवून यायला लागला. घरी आणली तर मी ठेवणार न्हाई, ह्ये त्याला ठावं होतं."

मी वाईट वागले असं मला अजूनही वाटत नाही. दुसरं काय करणार होते? पोर उपाशी निजत होतं. पण त्याचं पिणं मी थांबवू शकले नाही, फक्त घाईचं केलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि आता तीच घाई मी बॅगेत घालून पोराच्या घरी घेऊन आले होते.

त्यानं उरलेली बाटली खोक्यात ठेवली. मग त्याला माझ्या लुगड्यात गुंडाळलेली बाटली दिसली. उचलली, झाकण फिरवलं. सुस्स. वास आला तसा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"ही काय?"

"काकवी. आंबली. सईला सांडली म्हणून सांगितलं."

तो आधी माझ्याकडं बघत राहिला, मग भिंतीला टेकून हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. "म्हंजी या घरात खरी हातभट्टी तूच आणलीस व्हय?" मलाही हसू फुटलं, रडूही फुटलं. आम्ही मायलेकरं अडगळीच्या खोलीत तसे उभे आणि दिवा पुन्हा विझला.

मी म्हटलं, "ते खोकं वर ने. ग्लासही ने. माझ्या डोळ्यासमोर असू दे. लपवू नको."

"तुला बघवंल का?"

"न्हाई बघवणार. पण ने."

त्या संध्याकाळी मी सईपुढं काकवीची बाटली ठेवली आणि खरं काय ते सांगितलं. खोटं मी बोलले होते, तू नाही, एवढं म्हणाले. पोरीनं वास घेतला, नाक मुरडलं आणि माझ्या मांडीवर डोकं टेकवलं. काकवी आम्ही दोघींनी मिळून बेसिनमध्ये ओतली. मेघानं खिडक्या उघडल्या.

सोळावा

वाढदिवसाला दहाबारा पोरं-पोरी आल्या. मेघानं वडे केले, मी पुरणपोळ्या. मागच्या अंगणात लांब टेबल मांडलं, खालून हेल्गाबाई स्ट्रॉबेरीचा केक घेऊन आल्या. मी नेहमीप्रमाणं घाबरलेलीच होते, फक्त या वेळी ते सगळ्यांना माहीत होतं. सईच्या मैत्रिणीसुद्धा माझ्याकडं बघून आपापले ग्लास टेबलाच्या मधोमध सरकवून ठेवत होत्या, मला नीट दिसावेत म्हणून. पोरांनी विचारलं, तुमच्याकडं कितव्या वर्षी? सईनं सांगितलं, बिअरला एकवीस, बाकीला पंचवीस. एकजण म्हणाला, पंचविसाव्या वर्षापर्यंत लोक करतात काय? मला जर्मन आलं असतं तर सांगितलं असतं की लग्न करतात, दोन पोरं होतात, आणि प्यायची ती चोरून पितात.

मग नितीननं सईपुढं लहान ग्लास ठेवला आणि त्यात बिअर ओतली. अंगण शांत झालं असं मला वाटलं, पण ती माझीच भीती होती, बाकी सगळे बडबडत होते. सईनं ग्लास उचलला नाही. माझ्याकडं पाहिलं.

"आजी, घेऊ?"

मला नाही म्हणायचं होतं. पोटातून नाही म्हणायचं होतं. मी नाही म्हटलं असतं तर तिनं घेतली नसती, माझी खात्री आहे. आज इथं घेतली नसती. मग कधी, कुठं, कुणाच्या पाठीमागं घेतली असती?

"माझ्या शेजारी येऊन बस," मी म्हटलं, "आन् मग तुझं तू ठरव."

ती आली. माझा हात धरून एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. दुसरा घेतला. "कडू आहे," म्हणाली, ग्लास खाली ठेवला आणि मैत्रिणीनं हाक मारली तशी उठून पळाली. मी त्या ग्लासावर नजर रोखून बसले. आता येईल, आता उचलेल. पोरं केक खाऊन गेली, हेल्गाबाई उठल्या, उजेड काही जाईना. ग्लास तिथंच.

परत आल्यावर

ओट्यावरच्या बायकांना मी खरं ते सांगितलं. तिकडं सोळाला मिळते, तरी तिकडंही नवरे मरतात. आपल्याकडं पंचविसाला मिळते, तरी आपलेही मरतात. एकजण म्हणाली, मंग आक्का, आता पुन्हा मतदान आलं तर? मी म्हटलं, आडवीच. त्यात बदल नाही. आणि माझी भीती गेली का, तर तीही नाही. दर शनिवारी सई व्हिडिओ कॉल करते, तेव्हा तिच्या खांद्यामागं स्वयंपाकघराचं कपाट दिसतं आणि माझी नजर आधी तिकडं जाते. सोळाव्या वर्षी तिनं अर्धा ग्लास सोडला. विसाव्या वर्षी सोडेल का, हे मला कोण सांगणार?

पण एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठून अंगणात गेले. टेबलावर कागदी ताटल्या, मेणबत्त्यांचे तुकडे, आणि सईचा तो ग्लास. अर्धा. फेस बसलेला, एक माशी पडलेली. नितीननं तो संपवला नव्हता, कुणीच संपवला नव्हता. मी तो स्वयंपाकघरात नेला आणि बेसिनमध्ये ओतला. आयुष्यात मी किती दारू ओतली असेल, गोठ्यात, मोरीत, उकिरड्यावर, नवऱ्याच्या हातातून ओढून, नातीच्या हातातला तर नुसता रस होता तो. कुणाला नको होती म्हणून ओतली, ती ही पहिलीच.